शिकऱ्याच्या पायातल्या वाद्या

जानेवारीत कुणाच्या ना कुणाच्या शेतावरून हुरड्याचं बोलावणं येतंच. मी जातो. आगटीभोवती पोतं अंथरून बसतो, चटणीला नावं ठेवतो, दह्याला बरं म्हणतो. मग निखाऱ्यातून काढलेलं एखादं भरलेलं कणीस कुणीतरी माझ्या हातावर ठेवतं आणि ते चोळायच्या आधी माझा हात थोडा वेळ तसाच थांबतो. शिकऱ्याची, त्या छोट्या शिकारी पाखराची, मादी तळहातावर पालथी धरली की एवढीच भरते आणि अशीच गरम लागते. कणसात धडधड नसते, एवढाच फरक. शेजारचा विचारतो, "सर, भाजलं का?" मी हो म्हणतो.

आज असं पाखरू हातावर धरणं कायद्यानं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. तेव्हाही कायदा नुकताच झाला होता म्हणे, पण तो आमच्या बाजूला पोचायला वेळ लागला. आमच्याकडे त्या वर्षी पोचली होती ती ज्वारी. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरचा तो पहिला नीट हिवाळा. त्याआधी शेतं नुसती ढेकळांची होती आणि धडधाकट माणसं सडकेवर खडी फोडत होती. त्या हिवाळ्यात मात्र ज्वारी माणसाच्या डोक्यावरून गेली, हरभरा गुडघ्याला लागला आणि दुष्काळात कुठं गडप झाले होते कोण जाणे, ते लावे पक्षी परत आले. पहाटे बांधावर उभं राहिलं की ज्वारीतून त्यांचा तीन तुकड्यांतला आवाज यायचा, कुणीतरी ओल्या काचेवर बोट ओढल्यासारखा. अजून कुठं तो कानावर पडला की मला बरं वाटत नाही. लोकांना तो आवाज सुगीचा वाटतो.

मी बोरीच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि मामाकडे राहत होतो. मामा जवळच्या जहागीरदारांच्या बागेचा कारभार बघायचे. जहागिऱ्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. सरकारांकडे, म्हणजे त्या जहागीरदारांकडे, उरली होती ती आंब्यांची बाग, दगडी कमानीची बारव, पाहुण्यांसाठीचा एक दिवाणखाना आणि खाजाचाचा. बारवेच्या अंगाला जाळीच्या खिडक्यांच्या खोल्यांची एक ओळ होती. तिला बाजखाना म्हणायचे. एके काळी तिथं बाज, बहिरी, तुरमती अशी शिकारी पाखरं ओळीनं बसलेली असायची. माझ्या वेळेला बाकीच्या खोल्यांत कांदे आणि कडबा होता आणि एका खोलीत खाजाचाचा असायचे. ते बाजदार, त्यांचे वडील बाजदार, आजे बाजदार.

चाचांची दाढी मेंदीनं लाल, डोळ्यांत सुरमा आणि तोंडात कायम एक गोष्ट. गोष्टीत त्यांच्या आजोबांनी निजामाच्या शिकारीत बाज सोडलेला असायचा. तो बाज पहिल्यांदा मी ऐकला तेव्हा त्यानं तितर धरला होता. संक्रांतीपर्यंत तितराचा करकोचा झाला. शिमगा जवळ आला तेव्हा त्यानं काळवीट लोळवलं होतं. मामा म्हणायचे, "पुढच्या वर्षी वाघ धरतोय बघ." चाचा राग मानायचे नाहीत. उलट, वाघाचंही एक आहे म्हणायचे, पण ते मास्तरांना आता सांगत न्हाई, मास्तर लहान हायत.

दिवाळी झाल्यावर त्यांनी शिकऱ्यासाठी जाळं लावलं. दोन काठ्यांमध्ये बारीक सुताचं जाळं उभं केलं, मागं दोरीला बांधलेला उंदीर ठेवला आणि आम्ही बांधाआड पालथे पडून राहिलो. ती आली ते मला दिसलंच नाही. जाळं पडलेलं दिसलं. चाचांनी तिला धोतराच्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि सुई काढली. रानातून धरलेल्या शिकऱ्याचे डोळे तेव्हा शिवत. खालच्या पापणीच्या कडेतून एक दोरा घ्यायचा, तो डोक्यावर नेऊन बांधायचा, म्हणजे पापणी वर ओढली जाऊन डोळा मिटतो. नंतर रोज तो दोरा जरासा ढिला करत जायचं, म्हणजे पाखराला माणसाचं जग थोडं थोडं दिसत जातं. सुई जाताना ती हलली नाही. मीही हललो नाही. आज हे लिहिताना मला जे वाटतं त्यातलं काहीही मला तेव्हा वाटलं नव्हतं. मला अभिमान वाटला होता, आपला हात हलला नाही याचा.

चाचांनी तिचं नाव सासू ठेवलं. म्हणाले, हिची नजर बघा, काही केलं तरी खूश न्हाई. पाहुण्यांपुढे ते मोठ्या अदबीनं ओळख करून द्यायचे, "ये हमारी सासूबाई." त्यांची मुलगी जैनब तेव्हा नुकतीच लग्न होऊन बोरीतच दिली होती. ती बापाला भाकरी घेऊन यायची आणि हे नाव ऐकून पदराआड हसायची, कारण बापाची खरी सासू म्हणजे तिची आजी होती आणि ती अजून जिवंत होती.

सासूला माणसाळवायचं काम चाचांनी मला दिलं. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसरा त्याच वाटेवर होता. त्यांना हाताखाली कुणी पाहिजे होतं आणि मला तो हात पाहिजे होता. शाळा सुटली की मी डाव्या हातावर चामड्याचा पंजा चढवून तिला बोरीच्या बाजारातून फिरवायचो. पिठाच्या गिरणीसमोर उभं राहायचं, म्हणजे पट्ट्याच्या आवाजाची सवय होते. हॉटेलात भज्यांच्या कढईजवळ बसायचं. लोक म्हणायचे, मास्तर, पोरं शिकून झाली का, पाखराची शाळा काढलीत ती? मी हसायचो, पण छाती पुढे काढून चालायचो. सुरुवातीला चाचा मागून यायचे आणि टोकायचे.

"मास्तर, हात हालायलाय तुमचा. तिला वाटायलंय झाडच हालायलंय. झाड हाललं की पाखरू कुठं बसंल? हे छडीवालं हात हितं चालत न्हाईत."

हात स्थिर ठेवायला मी तिथं शिकलो. वर्गात छडी मारणं मात्र त्यानंतरही बरीच वर्षं चालू होतं.

एका संध्याकाळी शेवटचा दोरा काढला आणि तिनं दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पिवळेधमक डोळे. त्यात माया नव्हती, भीतीही नव्हती, नुसतं बघणं होतं. त्या वयात आपल्याकडे असं कुणी बघितलं की माणूस त्याचा अर्थ स्वतःच्या सोयीनं लावतो. मी लावला. मला वाटलं, ही मला ओळखते.

तिच्या दोन्ही पायांत चामड्याच्या अरुंद पट्ट्या होत्या. आमच्याकडे बैलाच्या जुवाला, चाबकाला लावतात त्या वाद्यांसारख्याच, फक्त बारीक आणि तेल पाजून मऊ केलेल्या. त्यांची टोकं बोटांत धरली की पाखरू हातावर राहतं. एका पायाला वाटाण्याएवढं पितळी घुंगरू. पाखरू ज्वारीत उतरलं की दिसत नाही, घुंगरावरून सापडतं.

त्या हिवाळ्यातल्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर सकाळी होत्या, हे सांगताना मला जड जातं, पण होत्या. हरभऱ्यातून चालताना पानांवरची आंब पोटऱ्यांना लागून चुरचुरायची. बागेतले दोन गडी लांब दोर धरून हरभऱ्यावरून ओढत यायचे. दोर जवळ आला की लावा भुर्रकन उठायचा. शिकऱ्याला त्याच्यावर नुसतं सोडत नाहीत, फेकतात. तिला उजव्या तळहातात पालथी धरायची, पाय मागे, डोकं पुढे, आणि लावा उठताक्षणी चेंडूसारखी त्याच्या दिशेनं टाकायची. हातात असतानाच ती घट्ट व्हायची. तिला लावा माझ्या आधी दिसायचा. मग हात एकदम हलका, घुंगराची एक रेघ हवेत आणि पलीकडच्या धुऱ्यावर धप्प असा आवाज. धावत जायचं, तिला काळजाचा तुकडा द्यायचा, लावा पिशवीत टाकायचा. दुपारी मामी तो मसाल्यात करायची. आम्ही हाडं चोखायचो.

सरकारांचे पाहुणे औरंगाबादहून, हैदराबादहून यायचे. ते बांधावर खुर्च्या टाकून बसत. माझी फेक चुकली तर कुणी काही बोलत नसे. साधली तर टाळ्या. एकानं माझा तिच्यासह फोटो काढला आणि विचारलं, पाखरू तुमचं का? चाचा चार पावलांवर उभे होते. मी हो म्हणालो.

चाचांनी ते ऐकलं. संध्याकाळी बारवेच्या पायरीवर बसून बिडी पेटवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"हे पाखरू तुमचं न्हाई, माझं न्हाई, सरकारांचं बी न्हाई. एक हिवाळा मागून आणलंय. शिमग्याच्या आत जिथलं तिथं द्यायचं. पोटभर चारायचं, वाद्या कापायच्या, घुंगरू काढायचं, सोडायचं आन् पाठ फिरवायची. हाक मारायची न्हाई."

मी विचारलं, का नाही मारायची?

"मारली तर येतंय की."

मला ते तेव्हा कळलं नाही. येतं, तर बरंच आहे, असं मला वाटलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. ऊन चढायला लागलं की त्यांची घरटी करायची वेळ होते. तेव्हा माणसाच्या हाताची ओढ राहिली तर पाखरू ना रानाचं राहतं ना घराचं. पुढच्या थंडीत, ज्वारी पोटऱ्यात आली की, एकदा आवाज द्यायचा. आलं तर त्याची मर्जी. ते म्हणाले, त्यांच्या वडिलांकडे एक आली होती परत. त्यांच्याकडे अजून एकही आली नव्हती. पण ही येईल, असं त्यांना वाटत होतं. डोळ्यांचं काही खरं नाही. ही आली तर हिच्यावरच बाजदारी संपवीन, नाही आली तर एक शेवटचं पाखरू धरीन, मग जाळं जाळून टाकीन. वाघाची गोष्ट सांगणारा माणूस हे इतक्या हळू बोलला की बिडी विझल्याचंही त्याला कळलं नाही.

फाल्गुनात त्यांना परभणीला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नेलं. जाताना एसटीच्या पायरीवरून त्यांनी मला फक्त एवढंच सांगितलं की सासूला वेळेत लावून द्या, वाद्या विसरू नका. मी म्हणालो, मला काय कळत नाही का चाचा.

मी विसरलो नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. विसरलो असतो तर मला इतकी वर्षं हे घेऊन फिरावं लागलं नसतं. कात्री माझ्या खिशात होती. मी तिला दोन लाव्यांचं मांस खाऊ घातलं, गळ्याखालची पिशवी फुगून वर आली. कालव्याच्या बाजूच्या आंब्याखाली उभा राहिलो आणि कात्री काढली नाही. मनात असं होतं की वाद्या असल्या तर ती कुठं दिसली तरी लोक म्हणतील मास्तरांचं पाखरू. घुंगरू असलं तर ती कोणत्या झाडावर आहे हे मला कळेल. रानात तिच्यासारखी शंभर असतील, त्यांत ती हरवू नये, माझी म्हणून वेगळी राहावी. मी तिला सोडली आणि सोडली नाही. पाठही फिरवली नाही. ती आंब्याच्या शेंड्यावर जाऊन पिसं झटकत बसली, घुंगरू वाजलं आणि मी हसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी हाक मारली. ती आली. माझ्या हातावर उतरली, मांस खाल्लं, गेली. हे बरेच दिवस चाललं. शाळा सुटली की मी कालव्याच्या काठानं जायचो, पंजा चढवायचो, चाचांसारखा आवाज काढायचो आणि उन्हं उतरलेल्या त्या मोकळ्या रानातून घुंगराचा आवाज माझ्याकडे यायचा. जगात मला कुणी हाकेसरशी येऊन भेटत नव्हतं. ती येत होती. दर वेळी कात्री खिशात असायची आणि दर वेळी मी म्हणायचो, उद्या.

सुटीच्या दिवशी मी चाचांना बघायला परभणीला गेलो. खाटांच्या लांब ओळीत ते दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून उताणे पडले होते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही असं सांगितलं होतं. जैनब उशाशी होती. मी आलो हे तिनं सांगितलं तसे ते हसले.

"या मास्तर. डाक्टरनं आमचेच डोळे शिवलेत बघा. आता रोज थोडा थोडा दोरा ढिला करतो म्हणतोय."

मग त्यांनी हात पुढे केला, मी तो धरला.

"सोडली?"

"सोडली."

"वाद्या कापल्या?"

"कापल्या."

त्यांनी माझा हात दाबला. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. एवढं बरं मला नंतर क्वचितच वाटलं असेल. परतीच्या गाडीत मी ठरवलं की उद्या संध्याकाळी ती हातावर आली की पहिलं काम हेच. तोवर ती जिवंत होती. खोटं बोललो होतो, पण ते अजून खरं करता येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, हाक मारली. कालव्यापलीकडच्या बाभळबनातून घुंगरू वाजलं. जोरात, भरभर वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. ती आली नाही. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा तेच. मला वाटलं, काहीतरी मारलंय, पोट भरलंय, आता माझी गरज नाही. मला राग आला. खरं सांगतो, रुसल्यासारखा राग आला. कालवा ओलांडायला अर्धा मैल वर पुलापर्यंत जावं लागायचं. मी म्हणालो, नसेल यायचं तर नको येऊस, आणि पाठ फिरवली. मी पाठ फिरवली ती त्या दिवशी. घरापर्यंत तो आवाज माझ्या मागं येत होता.

पुढच्या संध्याकाळी हाकेला काहीच आलं नाही. वारा सुटला तसं घुंगरू वाजलं, पण आता वाऱ्याच्या लयीत. मी पुलावरून पलीकडे गेलो. एका बाभळीच्या दुबेळक्यात वादी अडकून तिला पीळ पडला होता आणि खाली डोकं, वर पाय अशी ती लोंबत होती. पंख उघडे होते. बुंध्याच्या त्या बाजूची साल तिनं नखांनी आणि चोचीनं ओरबाडली होती. किती वेळ, हे मला माहीत नाही. आदल्या संध्याकाळचं घुंगरू भरभर का वाजत होतं, हे माहीत आहे.

खिशातून कात्री काढून मी वाद्या कापल्या.

तिथंच खड्डा करून तिला पुरलं. घुंगरू कालव्यात टाकलं. घरी आल्यावर मामीनं विचारलं, काटे कुठं लागले एवढे? बोरं काढत होतो, असं सांगितलं.

मी तेव्हापासून अनेकदा स्वतःशी वाद घातला आहे. त्या हिवाळ्यात आम्ही लावे मारून खाल्ले, किती ते मोजलंही नाही. त्यांची मला लाज वाटत नाही. एका मुक्या जिवाचे डोळे शिवताना फडकं मी धरलं होतं. त्याची वाटते, पण ती पुढं पुस्तकं वाचून शिकलेली लाज आहे. ही दुसरी लाज तशी नाही. ही अंगात आहे. एखादा विद्यार्थी निकाल घेऊन पाया पडायला आला, मुलगी सासरी जाताना गळ्यात पडली, की मनात तपासून बघतो, आपण याच्या, हिच्या पायात काही ठेवलंय का? मुलीला मी रोज फोन करायला लावत असे. एकदा ती म्हणाली, बाबा, रोज काय बोलायचं? मी त्यानंतर सहा महिने स्वतःहून फोन केला नाही आणि बायकोला कारण सांगू शकलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा चाचा जाड भिंगांचा चष्मा लावून बांधावर उभे राहिले. मला मुद्दाम सोबत नेलं होतं. अंगात धुतलेला सदरा, दाढीला ताजी मेंदी. त्यांनी तोंडापाशी हात नेला आणि आवाज दिला. मी त्यांची नक्कल करायचो, पण त्यांचा आवाज निराळाच होता, तो शेताच्या पलीकडे जाऊन थोडा वेळ तिथंच थांबल्यासारखा वाटायचा. एकदाच द्यायचा असतो तो आवाज. त्यांनी एकदा दिला, वाट बघितली, मग माझ्याकडे चोरून बघितलं आणि दुसऱ्यांदा दिला. ज्वारीवर काहीच हललं नाही. चष्म्याआडचे त्यांचे डोळे मोठे आणि पाणीदार दिसत होते. ते एवढंच म्हणाले की, चला, न्हाई तर न्हाई, उद्या जाळं काढू.

तिथं गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. त्यांनी जाळं लावलं असतं, शेवटचं पाखरू धरलं असतं, पुन्हा एकदा कुणाची तरी सासू झाली असती. पण तो चेहरा मला बघवेना आणि मी म्हणालो, "चाचा, परवा मी बघितली तिला. कालव्याच्या तारेवर होती."

ते माझ्या अगदी जवळ आले. "पाय बघितले का मास्तर? मोकळे होते?"

"मोकळे होते."

"मंग तीच. येणार ती. घाई न्हाई आपल्याला."

त्यांनी जाळं काढलं नाही. त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही. ती या रानात आहे म्हटल्यावर दुसरं पाखरू धरणं त्यांना बेइमानी वाटायला लागलं. दर थंडीला ते आवाज द्यायचे. हळूहळू तिची गोष्ट झाली. तिनं लिंबावर घरटं केलं, तीन पिलं काढली, एका पिलाची नजर अगदी सासूसारखी होती. यातलं काही त्यांनी रचलं, काही मी पुरवलं. पिलं मी दिली. मामा म्हणायचे, म्हातारा आता हिच्यावर काळवीट सोडणार. सरकारांचे पाहुणे येईनासे झाले, कारण दाखवायला पाखरू नव्हतं, आणि बाजखान्याच्या त्या शेवटच्या खोलीतही कडबा भरला गेला. चाचा जैनबच्या घरी राहायला गेले. दुसरा डोळा गेला, पहिलाही पुन्हा धूसर झाला. माझी बदली राणीसावरगावला झाली. ते गेले ते सत्तरचं दशक संपण्याआधीच. मातीला मी गेलो नाही. परीक्षा चालू आहेत, असा निरोप पाठवला. परीक्षा चालू होत्या, हे खरं होतं.

गेल्या वर्षी हुरड्याच्या दिवसांत मी बोरीला गेलो आणि जैनबआपाचं घर विचारत विचारत गाठलं. आता त्या म्हाताऱ्या झाल्या आहेत. ओट्यावर सुपात तुरी पाखडत होत्या. नातू शेजारी बसून मराठीच्या पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचत होता. त्याला पाणी आणायला पाठवलं, तेवढ्यात मी सांगून टाकलं. बाभळीचं सांगितलं, दवाखान्यातलं सांगितलं, तारेवरचं सांगितलं. आदल्या संध्याकाळी घुंगरू वाजत होतं ते मात्र तिथंही माझ्या तोंडून निघालं नाही.

त्यांचं पाखडणं थांबलं नव्हतं. 

"आत्ता काहून सांगायलाव मास्तर?"

मी म्हणालो, मनावर ओझं होतं, आपा.

"मंग ते इथं आणून ठेवलाव व्हय." त्यांनी सूप खाली ठेवलं. "अब्बा गेले तवा डोळे पार गेल्ते. पण खिडकीत कुठलं बी पाखरू वरडलं की इचारायचे, जैनब, बघ, पाय मोकळे हायत का. मी म्हणायची, हायत अब्बा. मला काय ठाव, कोणाचे पाय. शेवटच्या दिसाला बी तेच इचारलं, आन् मी तेच म्हणलं. हसत गेला माणूस. आता मी काय करू, कबरीवर जाऊन सांगू का?"

त्यांनी सूप पुन्हा उचललं.

"ह्या गल्लीतली पोरं अजून तारेवर शिकरा दिसला की म्हणत्यात, ती बघ खाजाचाचाची सासू. माझा नातू बी म्हणतो. चाळीस-पन्नास घरांत एवढंच राह्यलंय अब्बाचं. तुमी मला सांगितलं, सांगितलं. लय मोठी गोष्ट केली असं समजू नका. पण हितून पुढं कोणाला सांगू नका. तेवढं करा."

मी शब्द दिला. त्यांच्या हातावर हात ठेवून दिला. नातवानं आणलेलं पाणी प्यायलो आणि निघालो.

यंदा दिवाळी अंकासाठी संपादकांनी एखाद्या ऋतूची आठवण मागितली. माझ्याकडे एकच ऋतू आहे. मी आठवडाभर टेबलाशी बसलो, दुसरं काही लिहून बघितलं, फाडलं, आणि मग हे लिहिलं. घुंगराचं पहिल्यांदाच लिहिलं. लिहून झाल्यावर हलकं वाटलं, आणि असंच हलकं वाटावं म्हणून मी या सगळ्यात प्रत्येक वेळी काय काय केलं आहे, ते वर आलंच आहे. नावं बदलावीत असं एकदा मनात आलं होतं, पण लाल दाढीचा बाजदार आणि सासू नावाचं पाखरू त्या बाजूला दुसरं कोण होतं?

आपांचा नातू आता सातवीत असेल. धडा छान वाचत होता, अडखळत नव्हता. हा अंक बोरीला जातो की नाही, याची मी चौकशी केलेली नाही.